परदेशाची वाट आणि परतीची गाडी

दौंडचा विद्यार्थी आगगाडीने पुण्यास शिकावयास येतो. शिरूरला लोहमार्गच नाही, तेथील विद्यार्थ्यास एस.टी.चाच आधार. परदेशी विद्यापीठांचे नियम आज संकेतस्थळांवर सापडतात. परंतु शिफारसपत्र कोणाचे घ्यावे, अर्ज केव्हा धाडावा, हे कळते पुण्याच्या उपाहारगृहांत, चहाबरोबर. आणि गप्पांना रंग चढतो तेव्हा या मुलांची परतीची वेळ झालेली असते! 1913 साली आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड. 2003 मध्ये राज्य शासनाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहूंच्या नावे परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. पैशाची सोय काही अंशी झाली. मग आठवड्यातून एक दिवस तरी जाणता मार्गदर्शक तालुक्याच्या महाविद्यालयात का बसवू नये?