विश्लेषण : चाप एकदा ओढला, तर शॉट किती? नेमबाजी आणि पेंटबॉलमधील ट्रिगरचे नियम काय आहेत?

एका खेळात ट्रिगरचे वजन मोजतात, दुसऱ्यात एका सेकंदातले शॉट मोजतात. प्रश्न मात्र एकच : शॉट खेळाडूने मारला की यंत्राने?

सोलापूर : पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने २८ जुलै २०२४ रोजी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक जिंकले. चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. शालेय क्रीडा स्पर्धांतही एअर रायफल आणि एअर पिस्तूल हे प्रकार आहेत. सोलापूरच्या खेळाडूची वाट जिल्ह्यातून पुणे विभागात आणि तिथून राज्य स्पर्धेत जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनी होणाऱ्या स्पर्धेत पिस्तूल नेमबाजाला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती त्याच्या नेमाची नसते, ट्रिगरच्या वजनाची असते.

ट्रिगरचे वजन म्हणजे काय?

इथे वजन म्हणजे चाप सुटण्यासाठी बोटाने द्यावा लागणारा दाब. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमानुसार १० मीटर एअर पिस्तुलात तो किमान ५०० ग्रॅम हवा. तपासणीची पद्धत अगदी साधी आहे. पिस्तुलाची नळी उभी धरायची आणि टेबलावर ठेवलेले ५०० ग्रॅमचे वजन ट्रिगरला अडकवून अलगद उचलायचे. वजन वर आले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. त्यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. स्पर्धेनंतरही काही खेळाडूंची पिस्तुले अचानक तपासली जातात. त्या वेळी ट्रिगर हलका निघाला, तर खेळाडू थेट बाद होतो. मग गुण कितीही असोत.

ही अट सर्व प्रकारांना सारखी आहे का?

नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तिथे किमान १००० ग्रॅमची अट आहे. स्वप्नीलच्या ५० मीटर रायफलला किंवा १० मीटर एअर रायफलला अशी किमान वजनाची अट नाही. त्यामुळे ‘रायफलवाल्याचा ट्रिगर इतका हलका, मग आमचाच जड का,’ ही पिस्तूल खेळणाऱ्याची तक्रार नियमापुढे टिकत नाही.

ट्रिगर हलका असला तर बिघडते काय?

पिस्तूल एकाच हातात, आधाराशिवाय धरायचे असते. चाप ओढताना बोटाने जितका जोर लावावा लागतो, तितकी नळी हलण्याची शक्यता वाढते. म्हणजे हलका ट्रिगर हा सरळसरळ फायदा आहे. पण तो फार हलका असेल, तर नेम धरण्याआधीच बोटाच्या नुसत्या स्पर्शाने शॉट सुटू शकतो. किमान वजनामुळे सर्वांना समान अडचण मिळते आणि सुरक्षितताही राहते.

एका ओढीत दोन शॉट सुटू शकतात का?

१० मीटर एअर पिस्तुलात नाही. प्रत्येक शॉटसाठी एकच छर्रा हाताने भरावा लागतो. ट्रिगर यांत्रिक असो वा इलेक्ट्रॉनिक, दुसरा छर्रा आतच नसतो. २५ मीटरचे पिस्तूल मात्र अर्धस्वयंचलित असते. मॅगझिनमधली पुढची गोळी आपोआप नळीत येते. बिघाडामुळे चाप न सोडताच पुढची गोळी सुटली, तर खेळाडूने लगेच थांबायचे, असा नियम आहे. हा बिघाड खेळाडूची चूक मानला जात नाही. पण पंचांच्या परवानगीशिवाय ते पिस्तूल पुन्हा वापरता येत नाही.

पेंटबॉलमध्ये हाच प्रश्न अवघड का झाला?

लोणावळा-पुणे परिसरातील साहसी खेळांच्या केंद्रांवर अनेकांनी पेंटबॉल खेळलेला असतो. रंगाची गोळी मारणाऱ्या बंदुकीला या खेळात ‘मार्कर’ म्हणतात. हा खेळ १९८१ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झाला. सुरुवातीचे मार्कर झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेले होते. पुढे स्पर्धांमध्ये इलेक्ट्रॉनिक मार्कर आले. त्यात ट्रिगर हा फक्त एक स्विच असतो. तो दाबला की सर्किट बोर्ड व्हॉल्व्हला इशारा देतो आणि हवेच्या दाबाने गोळी सुटते.

अडचण या स्विचमध्ये आहे. ट्रिगर फार हलका आणि त्याची हालचाल फार कमी ठेवली, तर शॉटच्या धक्क्याने मार्कर मागे-पुढे हलतो आणि स्थिर बोटावरच ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबला जातो. याला ‘ट्रिगर बाउन्स’ म्हणतात. बोट एकदा हलते, गोळ्या चार सुटतात. दुसरीकडे, बोर्डमधला प्रोग्रॅम बदलून एका ओढीत जास्त गोळ्या मुद्दामही सोडता येतात. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पंचाला मात्र दोन्ही वेळा एकच आवाज ऐकू येतो. बोटाचा वेग, बाउन्स की प्रोग्रॅम, हे त्याला सांगता येत नाही.

मग आयोजकांनी काय केले?

‘एक ओढ, एक गोळी’ हा नियम राबवणे अशक्य झाल्यावर व्यावसायिक स्पर्धांनी वेगळा मार्ग धरला. पहिले काही शॉट एकेक ओढीचे, त्यानंतर ओढत राहिल्यास मार्करने ठरावीक वेगाने गोळ्या सोडायला परवानगी. याला ‘रॅम्पिंग’ म्हणतात. पण वेगाला कमाल मर्यादा घातली. ती आधी सेकंदाला १५ गोळ्यांच्या आसपास होती, पुढे टप्प्याटप्प्याने कमी झाली. अमेरिकेतील एनएक्सएल स्पर्धांमध्ये ती सेकंदाला १०.२ गोळ्या आहे. म्हणजे दोन गोळ्यांमध्ये साधारण ९८ मिलिसेकंदांचे अंतर. हा वेग आवाजावरून यंत्राने मोजता येतो. गोळीच्या वेगाचीही रडारसारख्या उपकरणाने तपासणी होते. सर्वसाधारण मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर आहे. ही अट डोळ्यांच्या आणि शरीराच्या सुरक्षेसाठी आहे.

दोन्ही खेळांतून काय दिसते?

नियम चांगला असून भागत नाही, तो मैदानावर तपासता आला पाहिजे. ऑलिम्पिक नेमबाजीत ५०० ग्रॅमचे वजन जगातल्या कोणत्याही रेंजवर सारखेच असते, म्हणून तो नियम टिकला. पेंटबॉलमध्ये बोटाची हालचाल मोजता आली नाही, म्हणून गोळ्यांचा वेग मोजला गेला. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. झपाझप बोट चालवण्याच्या कौशल्याला तिथे पूर्वीइतके मोल उरले नाही.

खेळाडूंनी आणि पालकांनी काय लक्षात ठेवावे?

ट्रिगर बरोबर ५०० ग्रॅमवर ठेवणे हा धोका आहे. स्प्रिंग आणि स्क्रू वापराने थोडे सरकतात. म्हणून नेमबाज सहसा काही ग्रॅमची मोकळीक ठेवतात. स्पर्धेआधी स्वतः वजन लावून पाहणे आणि तपासणीनंतर स्क्रूला हात न लावणे, एवढे केले तरी बाद होण्याची भीती बरीच कमी होते.

साधनाने दगा दिला तर काय होते, हे मनू भाकरने टोकियोत अनुभवले. जुलै २०२१ मध्ये पात्रता फेरी सुरू असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. तिने ५७५ गुण मिळवले, पण ती बाराव्या स्थानी राहिली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. पदकासाठी तिला पुढची तीन वर्षे वाट पाहावी लागली. जिल्हा स्पर्धेतल्या मुलाला अशी दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून नेमाइतकाच वेळ साधनाच्या तपासणीलाही द्यायला हवा.