पदक आणि पुरावा

गेल्या पावसाळ्यात मुळशी धरणाजवळ आमचं दोन दिवसांचं शिबिर झालं. दिवसभर १९२१ च्या मुळशी सत्याग्रहावर बोललो. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी लढलेल्या पां. म. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली, कुठल्या सैन्याने नव्हे. रात्री बारावीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, वर्गात कुणी ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ असं विचारलं की मी अब्दुल हमीद यांचं नाव घेते. अजून किती वेळा घ्यायचं?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण मीही तेच करत आलो आहे. परमवीर चक्राचे मानकरी अब्दुल हमीद सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण क्षेत्रात शहीद झाले. महावीर चक्राचे मानकरी ब्रिगेडियर उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगरला. दोघांचा अभिमान आहेच. पण प्रत्येक टोमण्याला त्यांची नावं पुढे करताना, मुसलमानाची निष्ठा त्याच्या कबरीवरूनच ठरते, हे आपण नकळत मान्य करतो.

सैन्य तसं मानत नाही. १९८० पासून युद्धकाळातल्या विशेष सेवेसाठी वेगळी पदकं आहेत : सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा पदक. ही शौर्यपदकं नाहीत. आखणी, नेतृत्व, जबाबदारीने पार पाडलेलं काम यांचा हा सन्मान. फेब्रुवारी २०१९ मध्ये हवाई चकमक चालू असताना स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल जमिनीवरून वैमानिकांना दिशा देत होत्या. युद्ध सेवा पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

लेफ्टनंट जनरल सय्यद अता हसनैन उत्तम युद्ध सेवा पदकाचे मानकरी. २०१० चा उन्हाळा काश्मीरमध्ये रक्तरंजित गेला, त्यानंतर श्रीनगरच्या १५ व्या कोअरची सूत्रं त्यांनी घेतली. जवानांनी सामान्य काश्मिरींशी अदबीने वागावं, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपण शहिदांची यादी पाठ केली आणि कर्तबगारांची विसरलो.

इथे थोडं आपल्याशीही बोलायला हवं. २६ जानेवारीला आपण हमीद यांचा फोटो स्टेटसला ठेवतो. २७ ला मोहल्ल्यातल्या किती मुलांना एनडीएच्या परीक्षेचा अर्ज भरून देतो? मुळशीच्या डोंगरांपलीकडे खडकवासल्याला ती प्रबोधिनी आहे. बारावीनंतर तिथे जाता येतं, आणि २०२२ पासून मुलींनाही.

सकाळी निघताना मी त्या मुलीला म्हणालो, “हमीद यांचं नाव जरूर घे, पण आदराने, पुरावा म्हणून नको. तू इथली नागरिक आहेस, हे कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज नाही.”

ती म्हणाली, “सर, मग अर्ज कधी निघतो ते सांगा.”