आधी पाते वाचा, मग नाव ठेवा

🧵 १/११
गेले काही दिवस एका जुन्या जपानी भाल्याचे छायाचित्र फिरत आहे. मधले पाते सरळ, बुडाशी दोन बाजूंना दोन शाखा. एक लांब, दुसरी अगदी आखूड. खाली मथळा : 'ख्रिस्ती सामुराईचा क्रूस-भाला'. हा धागा त्या मथळ्याविरुद्ध आहे आणि तो मथळा ज्या सवयीतून जन्मला त्या सवयीविरुद्धही.

२/११
जपानी भाला म्हणजे यारी. सरळ पात्याची ती सु-यारी. दोन्ही बाजूंना सारख्या शाखा असतील तर जुमोन्जी यारी. शाखा एकाच बाजूला असेल, किंवा एक लांब नि एक आखूड असेल, तर काताकामा यारी. 'कामा' म्हणजे विळा, 'काता' म्हणजे एका बाजूचा. थोडक्यात, या 'गूढ' शस्त्राला नाव आधीपासून आहे. ते कोणी शोधले नाही, एवढेच.

३/११
मग क्रूस कुठून आला? गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला, हे खरे. जपानमध्ये ख्रिस्ती सरदार होते, हेही खरे. पण दोन खरी विधाने शेजारी ठेवली म्हणजे तिसरे सिद्ध होत नाही. जपानी लिपीत 'दहा' हे अक्षर फुलीसारखे लिहितात. 'जुमोन्जी' म्हणजे 'दहा या अक्षराच्या आकाराचा'. या नावात धर्म नाही, अक्षर आहे.

४/११
शिवाय हा आकार गाजवला कोणी? नारा येथील होझोइन या बौद्ध मठाच्या इन्एइ (१५२१–१६०७) या भिक्षूने. त्याची भालाविद्येची परंपरा फुलीच्या आकाराच्या यारीसाठीच ओळखली जाते. भिक्षूच्या हातातले शस्त्र आपण क्रूस म्हणून मिरवतो आहोत!

५/११
काताकामा यारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कातो कियोमासा या सरदाराचे. तो निचिरेन पंथाचा कट्टर बौद्ध. ख्रिस्ती सरदार कोनिशी युकिनागा हा त्याचा उघड प्रतिस्पर्धी. कियोमासाची म्हणून जपलेली यारी आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

६/११
दंतकथा जपानमध्येही आहेत. १५९२ मध्ये सुरू झालेल्या कोरियावरील स्वारीत वाघाने कियोमासाच्या यारीची एक शाखा चावून तोडली, असे सांगतात. लोहाराने ती शाखा मुद्दाम आखूड घडवली असेल, हे सरळ उत्तर कोणालाच पुरेसे रंजक वाटले नाही. म्हणून वाघ आणावा लागला. आपल्या मथळेकारांनी क्रूस आणला. खोड तीच.

७/११
अशा कथेची परीक्षा पातेच घेते. धारेला पाणी देताना पोलादावर उमटणारी लहरदार रेषा म्हणजे हामोन. शाखा मोडलेली किंवा नंतर घासून आखूड केलेली असेल, तर ही रेषा टोकाशी अचानक संपते. मुळातच आखूड घडवलेली असेल, तर ती टोकाला वळसा घेते. छायाचित्रातल्या बाह्याकृतीवरून हे कळत नाही.

८/११
त्याहून महत्त्वाचा तो दांड्यात दडलेला पात्याचा भाग, नाकागो. कानशीचे ओरखडे, खिळ्याचे भोक, घडवणाऱ्याचे नाव (तेही खोटे असू शकते!) आणि शतकांनी काळवंडलेला गंज तिथेच असतो. तो गंज म्हणजे मळ नव्हे, पुरावा आहे. फोटो चांगला यावा म्हणून तो घासून काढणारा माणूस शस्त्राचे वय पुसून टाकतो.

९/११
'नावात एवढे काय?' असे विचारणाऱ्यांसाठी किकुची यारी. क्यूशू बेटावरील किकुची घराण्याशी जोडलेला हा चौदाव्या शतकातला प्रकार. एकाच बाजूला धार, दिसायला कट्यारीसारखा. पुढे यातल्या अनेक पात्यांच्या खरोखरच कट्यारी करण्यात आल्या. वरवर पाहणारा 'कट्यार' लिहून मोकळा होतो आणि एक भाला इतिहासातून नाहीसा होतो.

१०/११
कबुली देतो : पदव्युत्तर वर्गातल्या पहिल्याच चर्चासत्रात मी एका काताकामा यारीला 'मोडकी जुमोन्जी' म्हणून ठासून सांगितले होते. नाकागो पाहिला नव्हता, हामोन पाहिली नव्हती. आत्मविश्वास मात्र भरपूर होता. म्हणून हा राग इतरांइतकाच स्वतःवरही आहे.

११/११
दोरी बांधलेल्या मराठी विट्याला कोणी नुसते 'भाला' म्हटले की आपण चवताळून उठतो. योग्यच आहे. मग तोच न्याय परक्या शस्त्राला का नाही? नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहा : लांबी, छेद, शाखा, धार, नाकागो. प्रामाणिक वर्णनावरून उद्या कोणीतरी नाव शोधून काढील. खोट्या नावावरून मात्र मूळ वस्तूपर्यंत परतण्याची वाट नसते.