अर्ध्या सेकंदाचा उशीर आणि फुकट सॉफ्टवेअरची खरी किंमत

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एक छोटीशी गोष्ट खटकली. लिनक्स कॉम्प्युटरवर दुरून लॉगिन करताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्याने शोध घेतला, तेव्हा 'एक्सझेड युटिल्स' या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम बसवलेला चोरदरवाजा सापडला. तो सगळीकडे पसरला असता, तर जगभरातले असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते.

नेमकं काय घडलं होतं?

एक्सझेड युटिल्स फाइल्सचा आकार कमी करतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही पाहू, वापरू आणि बदलू शकतं. पण देखभाल करणारा माणूस एकच, तोही बिनपगारी. २०२२ मध्ये त्याने आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी उघडपणे सांगितल्या. त्याच काळात 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं काम करून विश्वास कमावला आणि मग घात केला.

असं पहिल्यांदाच झालं का?

दुर्लक्ष तर जुनंच. २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल'मध्ये 'हार्टब्लीड' ही गंभीर त्रुटी सापडली. जगभरातल्या वेबसाइट्सची सुरक्षितता या सॉफ्टवेअरवर अवलंबून होती, पण त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर. बोभाटा झाल्यावर गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक यांसारख्या कंपन्यांनी निधी उभारला.

कंपन्यांवर बंधन आहे का?

ओपन सोर्सची बहुतेक लायसन्स पैसे मागत नाहीत आणि हमीही देत नाहीत. त्यामुळे कोड लिहिणाऱ्याचं कंपनी कायद्याने काही देणं लागत नाही. ग्राहकांचं मात्र लागते. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. त्यानुसार उत्पादन विकणाऱ्या कंपनीला त्यातले ओपन सोर्स भागही तपासावे लागतील आणि सापडलेली त्रुटी मूळ प्रकल्पाला कळवावी लागेल.

भारतात झेरोधाने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा 'फ्लॉस फंड' जाहीर केला.

फक्त पैसे पुरेत का?

नाही. एक्सझेडच्या त्या माणसाला भरवशाच्या जोडीदाराची गरज होती. ती जागा रिकामी राहिली, म्हणूनच 'जिया टॅन'ला आत शिरता आलं.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या पगारावर 'पोस्टग्रेस' या ओपन सोर्स डेटाबेसचं काम करतो. चोरदरवाजा सापडला योगायोगाने, पण तो शोधू शकणारा माणूस तिथे होता, कारण एका कंपनीने त्या कामाचा पगार दिला होता.