हिरकणीवाडी, रोपवे आणि दुसरा गट

मागच्या शनिवारी ऑफिसची गँग घेऊन रायगडावर गेलो होतो. हिरकणीवाडीत गाड्या लावल्या आणि तिथेच फाटाफूट झाली. निम्मे रोपवेत बसले, निम्मे चित दरवाज्याकडून पायऱ्यांनी. संध्याकाळी खाली पिठलं-भाकरी खाताना एकाने शोध लावला, "बघा, पायऱ्यांवाले सगळे फ्रेश आणि रोपवेवाले आडवे! चाललं की थकवा येत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पण रोपवेत बसलं कोण होतं? रात्रभर गाडी चालवलेला, गुडघा दुखणारा आणि ट्रेकला जबरदस्तीने आणलेला. ही मंडळी सकाळीच दमलेली होती. म्हणजे दोन गट पडले ते रोपवेमुळे नाही, माणसांमुळे.

मग मात्र भाकरी घशात अडकली. कारण नेमकं हेच मी ऑफिसात केलं होतं. दोन वर्षांपूर्वी सपोर्ट टीमसाठी नवीन टूल आलं. "कोणाला वापरायचंय?" असं विचारलं, उत्साही लोकांनी हात वर केले. तीन महिन्यांनी मी ग्राफ काढला. टूलवाल्यांची तिकिटं भराभर बंद होत होती, दुसरा गट मागे. मॅनेजर खूश. त्या दुसऱ्या गटातल्या दोघांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही आणि त्या मीटिंगमध्ये माझी स्लाइड होती. रात्रपाळी आणि सगळ्यात किचकट क्लायंट त्याच गटाकडे होते, हे स्लाइडवर कुठेच नव्हतं.

हिरकणी बाळासाठी कडा उतरली, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय. मला तिथे बसून आठवली ती बाळांचीच दुसरी गोष्ट, गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्या घरी जाऊन नवजात बाळाला तपासायच्या, वजन करायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. शेजारच्या ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूची नोंद, बाकी सरकारी सेवा नेहमीसारख्या. तिसऱ्या वर्षी, दर हजार जन्मांमागे नवजात बाळांचे मृत्यू ३९ गावांत २५.५ आणि ४७ गावांत ५९.६. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे देशभरातल्या आशा ताई घरोघरी जाऊन नवजात बाळ बघायला लागल्या, त्यामागे हेच काम आहे.

गंमत म्हणजे इथेही गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. म्हणजे काटेकोर बघितलं तर शंकेला जागा आहेच. पण त्यांनी काम सुरू करण्याआधी, १९९३ ते ९५, दोन्हीकडचे मृत्यू मोजून ठेवले होते. दोन्हीकडे आकडा ६०च्या आसपास! शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली, हे दाखवायला एवढं होतं. नुसतं "आधी ६२, नंतर २५" म्हटलं असतं तर कोणीही म्हणालं असतं, रस्ते झाले असतील, पाऊस बरा झाला असेल. ती शंका खोडून काढली त्या ४७ गावांनी. माझ्या मते या प्रयोगातला सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच, आणि त्यांच्या वाट्याला मात्र तेव्हा काहीच आलं नाही. हे बोचतं. बोचायलाच हवं.

यावर उपाय नाही असं नाही. 'प्रथम'च्या बालसखी प्रयोगात (मुंबई आणि बडोदा, २००१ ते २००३) निम्म्या शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. कुठली शाळा कुठल्या बाजूला हे नशिबावर सोडलं. कुठलीच शाळा कोरडी राहिली नाही आणि तुलनाही झाली. आमच्या टूलचं असंच करता आलं असतं. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आधी, निम्म्यांना तीन महिन्यांनी. खर्च शून्य! पण "ज्याला हवं त्याने घ्या" हे आपल्याला लोकशाही वाटतं ना :)

रविवारी घरी आल्यावर ती जुनी एक्सेल उघडली. टूल येण्याआधीच्या तीन महिन्यांची शीट त्यातच होती, मी तेव्हा तिच्यावर क्लिकसुद्धा केलं नव्हतं. दोन गटांतला फरक तेव्हाही होता. जवळजवळ तेवढाच.

त्या दोघांपैकी एकाचा नंबर अजून माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.