पिंपावरचे नाव

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत 11 जानेवारी 2020 रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. वृत्तपत्रांनी दखल घेतली, शासनाने मदत जाहीर केली. परंतु त्याच पालघर जिल्ह्यात, वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये विष श्वासावाटे, आवाज न करता शरीरात शिरते तेव्हा त्याची बातमी होत नाही.

धातूच्या सुट्या भागांना मुलामा वा रंग देण्यापूर्वी त्यांवरील तेल-ग्रीस काढावे लागते. यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रावकांपैकी ट्रायक्लोरोएथिलीन हे एक. दिसायला पाण्यासारखे, वासाला गोडसर, सहजी पेट न घेणारे. म्हणूनच ते निरुपद्रवी भासते. त्याच्या वाफेने डोके जड होते, भोवळ येते. कामगार त्याचा दोष उकाड्याला देतो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली या द्रावकाला माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. जवळ वेल्डिंग चालू असेल तर याच वाफेतून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. भोपाळच्या कारखान्यात विषारी 'मिक' बनविले जाई, तेही फॉस्जीनपासूनच.

यावरचे उपाय अज्ञात नाहीत. ही वाफ हवेपेक्षा सुमारे साडेचार पट जड असल्याने खाली साचते. छताजवळचा पंखा तेथे कामाचा नाही. ती टाकीच्या काठाशीच शोषून बाहेर काढली पाहिजे, टाकीवर झाकण हवे आणि वेल्डिंग दूर हवे. तोंडावरचा रुमाल वाफ अडवीत नाही. त्यासाठी रासायनिक गाळणीचा मुखवटा लागतो. द्रावकाने हात धुण्याची सवय मोडली पाहिजे. सर्वांत उत्तम म्हणजे, जेथे शक्य असेल तेथे पाण्यात मिसळणारी क्षारयुक्त द्रावणे वापरून हे विषच हद्दपार करावे.

मग अडते कोठे? भोपाळच्या 1984 च्या संहारानंतर, 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक झाले. पण कायदा 'कारखान्या'साठी! वीज वापरणारे दहा कामगारांचे ठिकाण पूर्वी कारखाना ठरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या 2020 च्या संहितेने ती मर्यादा वीसवर नेली. सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांच्या आस्थापनेलाही लागू आहेत हे खरे. परंतु आठ माणसांच्या गाळ्याचे काय? विषाला हजेरीपट मोजता येत नाही. फुप्फुस आठव्या माणसाचे असो वा विसाव्या, वाफ दोन्हींत सारखीच शिरते.

उत्पादनखर्चातील ही काटकसर म्हणजे कामगाराच्या आयुष्यातून केलेली वजावट आहे. ती थांबविण्याचा आरंभ अगदी साध्या मागणीने करता येईल: प्रत्येक पिंपावर रसायनाचे नाव, त्याचा धोका आणि प्रथमोपचार मराठीत व हिंदीत लिहिलेले असावेत; कारण गाळ्यांत राबणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्यांची संख्या मोठी आहे. पक्षाच्या शाखांनी आणि कामगार संघटनांनी कंत्राटी व कायम हा भेद न करता गाळ्यागाळ्यांतून ही मागणी उभी केली पाहिजे. ज्या विषाचे नावच ठाऊक नाही त्याविरुद्ध लढता येत नाही. पगाराइतकाच कामगाराचा हक्क त्या नावावरही आहे.