गर्भिणीचा नासावरोध : उपेक्षा नको, घाईही नको

गर्भिणीच्या तक्रारींत चोंदलेल्या नाकाला फारसे महत्त्व दिले जात नाही. ‘बाळंतपणानंतर आपोआप बरे होईल’ असे सांगून तिची बोळवण होते, नाहीतर नाकात सोडावयाच्या थेंबांची बाटली तिच्या हाती पडते. हे दोन्ही मार्ग आम्हांस सदोष वाटतात.

प्रसूतीपूर्वी किमान सहा आठवडे राहणारा, संसर्ग वा अ‍ॅलर्जी हे कारण नसलेला आणि प्रसूतीनंतर दोन आठवड्यांत पूर्णतः नाहीसा होणारा नासावरोध, अशी या विकाराची आधुनिक व्याख्या आहे. साधारणतः पाचांपैकी एका गर्भिणीस तो होतो. संप्रेरकांतील बदल हे त्याचे संभाव्य कारण मानतात. धूम्रपानाने त्याची जोखीम वाढते. म्हणून प्रश्नपरीक्षेत धूर, धूळ, तंबाखू व पूर्वीची अ‍ॅलर्जी यांची चौकशी अवश्य व्हावी.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांसारख्या थेंबांनी तात्काळ मोकळे वाटते. परंतु काही दिवसांच्या सलग वापरानंतर त्यांच्यामुळेच नाक अधिक चोंदू लागते. हा विकार तर आठवडेच्या आठवडे टिकतो. तेव्हा तीच बाटली पुनःपुन्हा मागणाऱ्या गर्भिणीस ती न देता वैद्याकडे पाठविणे, हे औषधविक्रेत्यांचे कर्तव्य ठरते.

आपल्या बाजूसही सावधगिरी हवी. नाक चोंदले की नस्य, हा आपला सराव. परंतु शिरोविरेचनास अयोग्य व्यक्तींत चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात गर्भिणीची स्पष्ट गणना आहे. काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे तिला जपावे, असे शारीरस्थान सांगते. मग तीक्ष्ण नस्य वा उष्ण-तीक्ष्ण चूर्णे केवळ सवयीने कशी द्यावीत?

उकळून कोमट केलेल्या पाण्यातील सौम्य मिठाच्या द्रावणाने नाक धुणे, झोपताना डोक्याकडील बाजू उंच ठेवणे, झेपेल इतके चालणे, एवढ्याने अनेकींना आराम पडतो. मात्र नव्याने जोराचे घोरणे सुरू झाले असेल, झोपेत श्वास अडत असेल, तर रक्तदाब त्याच वेळी मोजावा. गर्भावस्थेतील घोरण्याचा उच्च रक्तदाबाशी संबंध आढळला आहे. रक्तदाब वाढलेला असल्यास, अथवा तीव्र डोकेदुखी, दृष्टीत अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज असल्यास तिला विनाविलंब प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे.

नाकाची तक्रार क्षुल्लक असेलही. ती घेऊन येणारी गर्भिणी मात्र दोन जीवांची आहे, याचे भान वैद्य व औषधविक्रेते या उभयतांनी ठेवावे, एवढीच आमची विनंती.